दहाव्याला ‘ठाऊक न्हाई’ म्हणणारे आप्पा

प्रिय आप्पा,

तीर्थरूप लिहायला तुम्ही माझे वडील नाहीत, आणि नुसतं प्रिय तुम्हाला चाललं असतं का, कोण जाणे! आज चालवून घ्या.

काल नदीवर तुमचा दहावा झाला. प्रवचनाला पुण्याहून एक तरुण महाराज आणले होते. आप्पा आता वैकुंठात कुठं बसलेत, तिथं त्यांना कोण कोण भेटलं, सगळं त्यांनी स्वतः बघून आल्यासारखं सांगितलं. मंडपात माना डोलत होत्या. मला उठून माईक हातात घ्यावासा वाटला. घेतला नाही, म्हणून हे पत्र.

आणि एक विचारायचंही आहे. ती कादंबरी तुमच्या हातात दिली, ही माझी चूक झाली का?

पाटसच्या कारखान्यातली वजनकाट्यावरची नोकरी संपवून तुम्ही गावी आलात आणि दहाव्याची प्रवचनं करू लागलात. दौंडपासून शिरूरपर्यंत कुणीही वारलेलं असो, सकाळी सातला तुमची मोटरसायकल घाटावर हजर! आत्म्याचा पुढचा प्रवास तर तुम्ही एसटीचे थांबे सांगावेत तसा सांगायचात. वाचनालयातून मात्र पोथ्यांशिवाय काही न्यायचा नाहीत. मी वाचनालय सांभाळणारी, माझ्या जिभेला हाड कुठलं? एकदा म्हटलंच, आप्पा, पुढचं जग तुम्हाला तोंडपाठ आहे, मग एका कादंबरीला कशाला घाबरता?

आणि ती कादंबरी तुमच्या हातात ठेवली. एका पुजाऱ्याची गोष्ट होती. जन्मभर लोकांना परलोक समजावून सांगणारा हा माणूस, स्वतःची मुलगी गेल्यावर तिची काहीतरी खूण येईल म्हणून वाट बघत बसतो. चारशे पानं वाट बघतो. लेखक त्याला शेवटच्या पानावरही काही देत नाही.

तिसऱ्या दिवशी तुम्ही पुस्तक टेबलावर आपटलंत. असलं वाङ्मय गावात ठेवता व्हय, म्हणून सगळ्यांदेखत मला झाडलंत. आठवड्याने परत आलात आणि खालमानेने तेच पुस्तक मागितलंत. मग महिन्याने पुन्हा. दर वेळी पानांचे कान मुडपून आणायचात. ती तुमची खोड मला शेवटपर्यंत मोडता आली नाही.

नंतर तर “असली आनखी हायत का?” म्हणून विचारू लागलात. मी केडगावहून रेल्वेने पुण्याला जायचे, तुमच्यासाठी देवाला प्रश्न विचारणाऱ्या कादंबऱ्या शोधून आणायचे. लेखकाशी भांडायचं ते तुम्ही माझ्याशी भांडायचात. पण पुस्तक अर्ध्यावर कधी सोडलं नाहीत. आपल्याला पटतं तेवढंच वाचणारे मी शेकड्यांनी पाहिले, आप्पा. पासष्टीनंतर स्वतःच्या श्रद्धेला स्वतःहून हलवून बघणारा माणूस एकच पाहिला.

मग माझे यजमान गेले. लेक तेव्हा नववीत होती. नऊ दिवस, येईल तो मला ते कुठं आहेत हे सांगत होता. देवाला आवडले, सुटले, वरून बघतायत. मला किंचाळावंसं वाटायचं. दहाव्याला तुम्ही माईकपुढे उभे राहिलात, नेहमीचं सुरू केलंत आणि माझ्या लेकीकडे बघून थांबलात.

“माणूस मेल्याव कुठं जातो, ते मला ठाऊक न्हाई,” तुम्ही म्हणालात. “आजवर ठाऊक असल्यावानी बोललो. माफी असावी.”

आणि खाली बसलात. कुणीतरी घाईने माईक काढून घेतला. आप्पा, त्या दहा दिवसांत माझ्याशी खरं बोललेले तुम्ही एकटे! त्या दिवशी मी पोटभर रडले आणि नंतर पोटभर जेवलेही. हे तुम्हाला कधी सांगितलंच नाही. रोज समोर यायचात, मग कुठं अडलं होतं माझं घोडं?

पुढं दहाव्याची बोलावणी बंद झाली. लोक तुम्हाला रामराम करायचे, पण मंडपात बोलवायचे नाहीत. काकूंनी मला भर बाजारात गाठलं. “तुझ्या पुस्तकानं आमच्या घरातला देव नेला,” म्हणाल्या. मी मान खाली घालून भाजीची पिशवी उचलली.

पण देव गेला कुठं होता? संध्याकाळच्या भजनाला तुम्ही टाळ घेऊन हजर असायचातच की! मी खोचकपणे विचारलं होतं, ठाऊक नाही म्हणता, मग हे कशाला? तुम्ही हसलात. “समोर दिसणाऱ्याला कोन हाक मारतं, पोरी? दिसत न्हाई म्हून तर मारायची.” या उत्तराने मी श्रद्धाळू झाले नाही. पण मनातल्या मनात तुम्हाला हात जोडले.

काल मंडप उतरल्यावर काकूंना भेटायला गेले. दारातून परत पाठवतील, अशी धाकधूक होती. त्यांनी जवळ बसवून घेतलं.

“शेवटच्या आठवड्यात मी ह्यांना इचारलं,” त्या म्हणाल्या, “आता कुठं चाललायसा? तर म्हनले, ठाऊक न्हाई गं. पर भ्या वाटत न्हाई.” मग त्यांनी पदर खोचला. “ते पुस्तक आन. मला कुठं वाचाय येतंय? तूच वाच.”

आप्पा, उद्यापासून वाचनालय बंद केल्यावर रोज तुमच्या घरी जाणार आहे. काकूंना वाईट वाटेल म्हणून एक ओळ गाळणार नाही. त्यांनी पुस्तक भिरकावलं, तर उचलून पुढं वाचेन. आणि शेवटचं पान झाल्यावर, हे आता कुठं असतील गं, असं त्यांनी विचारलं, तर मला ठाऊक नाही एवढंच सांगेन आणि त्यांच्यापाशी बसून राहीन.

तुमची,
वाचनालयातली सुनंदा