मुळात आहे ते

दि. ३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

फोनवर नाही म्हटलं की तू फोन आपटतेस, म्हणून पत्र. पूर्ण वाच, मग आपट.

तुझ्या लेकीच्या लग्नात बाबांच्या आवाजात आशीर्वाद ऐकवायचा, हे तू सांगितलेलं काम मी केलं. जुन्या कॅसेटींतून बाबांचा एकेचाळीस मिनिटांचा आवाज गोळा केला. त्यात मापं आणि गिऱ्हाइकांना दिलेल्या कानपिचक्या, बाकी काही नाही. तो कॉम्प्युटरला ऐकवला आणि तू लिहून दिलेलं वाक्य त्याच्याकडून म्हणवून घेतलं, की बाळ, माझे आशीर्वाद सदैव तुझ्या पाठीशी आहेत. कॉलेजचं तोंड न पाहता हे सगळं मी माझं मी शिकलो, आणि खोटी नम्रता मला जमत नाही. काम बिनचूक झालं. बोलण्याआधीचं बाबांचं खाकरणंसुद्धा आलं.

तुझ्या भावजयीला ऐकवलं. ती मटार सोलत होती. मान वर करून तिनं एवढंच विचारलं, की बाबांना हे कुणी म्हणायला लावलं?

ताई, तेवीस वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही. आणि बाबा सुतार माणूस. त्यांच्या तोंडून 'सदैव' कधी ऐकलंस? खूश झाले की घेतलेलं माप पुन्हा घ्यायचे, संपलं. लोकांची जुनी रेकॉर्डिंगं साफ करतो त्या माझ्या दुकानात पाटी आहे: मुळात नाही ते घालणार नाही. गिऱ्हाइकाला एक नियम आणि बहिणीला दुसरा, हे कसं जमायचं? वाक्य पुसून टाकलं.

रागाव हवं तेवढं, पण लोभाला कात्री लावू नकोस.

तुझा भाऊ


दि. ८ फेब्रुवारी

चि. इंजिनीअरसाहेबांस,
अ. उ. आ.

बिनडिग्रीच्या इंजिनीअरला दुसरं काय म्हणू? पुसून टाकलंस! मला एकदा ऐकवायचं तरी.

आता नवरी होणारी आपली बुटकी चार वर्षांची होईपर्यंत बाबांच्या रंध्याखालच्या भुशात लोळत वाढली. आता बाबांचा चेहरा तिला फोटोत सापडतो, आवाज कुठेच सापडत नाही. मागच्या आठवड्यात तिनं विचारलं, आजोबा मला काय म्हणायचे गं? मला सांगता येईना. तुझ्या दुकानाची पाटी मला तोंडपाठ आणि बाबांचा शब्द एकही आठवत नाही, अशी मी मुलगी. म्हणून ते वाक्य रचलं. मलाही ठाऊक होतं ते बाबांचं नव्हे म्हणून.

तुझी तत्त्वं ताटात वाढून घे. मुळातलंच द्यायचं तर मुळातलं दे, पण लग्नाआधी दे. अठ्ठावीस तारीख विसरू नकोस.

भावजयीला सांग, ती बोलली ते खरं. तुला म्हणत नाहीये.

तुझ्यावर चिडलेली, तरी तुझीच
ताई


दि. १९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आधी चूक कबूल करतो. असा योग वर्षातून एकदा येतो, पत्र जपून ठेव.

माझ्या कपाटातल्या प्रत्येक कॅसेटवर नंबर, तारीख आणि शेरा असतो. चौदा नंबरवर माझ्याच सुवाच्य अक्षरात शेरा आहे: घरघर फार, निकामी. चोवीस वर्षांपूर्वी नवा माइक तपासायला मी तो बाबांच्या कारखान्यात लावला होता. करवतीच्या मोटरची घरघर ऐकून दहा सेकंदांत निकाल दिला आणि पुन्हा कधी ती लावलीच नाही. ती त्या एकेचाळीस मिनिटांतही धरली नव्हती.

तुझं पत्र आलं त्या दिवशी लावली. ज्या कॉम्प्युटरवर ते वाक्य बनवलं, त्याच्यावरच सहा दिवस घरघर उतरवत बसलो, चिमूट चिमूट. जास्त उतरवली की बाबांच्या आवाजातली खरखरही जायची, मग परत मागे यायचं.

ताई, घरघरीखाली बुटकी आहे! तीन वर्षांची. बाबा तिला दाराच्या चौकटीला उभी करतात, टाच टेकव म्हणून दटावतात आणि मोजतात. तीन फूट एक. मग पुन्हा मोजतात. कळलं ना? पुन्हा मोजतात. आणि म्हणतात, हिला बुटकी म्हणणाऱ्यांनी लिहून ठेवावं, ही पाच फूट पाच होणार. पोर खिदळते, तेही हसतात. एकूण तेवीस सेकंद. मी त्यात काहीही घातलेलं नाही.

सर्वांसमोर ऐकवायचं का, हे आधी तिला विचार. आवाज बाबांचा असला तरी लहानपण तिचं आहे. ती हो म्हणाली तर बाबांची घडीची फूटपट्टीही घेऊन येतो.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारा
भाऊ


दि. ४ मार्च

चि. इंजिनीअरसाहेबांस,
अ. उ. आ.

तू यंत्रं मांडून आतल्या खोलीत बसलास, बाहेरची गंमत तुला दिसली नाही.

बाबांनी टाच टेकव म्हणून दरडावलं आणि भरल्या हॉलमध्ये पहिली टाच मी टेकवली, पन्नाशी उलटलेल्या बाईनं! सगळे हसले. बाबांनी पुन्हा मोजलं तेव्हा मात्र मला पुढचं काही दिसेना. बुटकीनं चपला काढल्या आणि सरळ जाऊन दाराच्या चौकटीला टेकली. जावयांनी फूटपट्टी धरली. तू आतून विचारलंस किती, आणि आम्ही एका सुरात ओरडलो, पाच फूट पाच. जेवताना तू व्याह्यांना तीनदा सांगितलंस, की आमच्या बाबांचा अंदाज म्हणजे अंदाज.

आता पाणी पिऊन पुढचं वाच. ती पाच फूट साडेचार भरली होती. आजोबांचा शब्द अर्ध्या इंचानं खाली पडू देणार नाही म्हणाली, आणि चपला परत घालून उभी राहिली.

तुझ्या पाटीपुढे हे पाप. सांगून मोकळी झाले. आता पाटी उतरव नाहीतर बहिणीला वगळ, पण माया आहे तेवढी असू दे.

तुझी ताई


दि. ९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मला त्याच दिवशी कळलं होतं. आत मी रिकामा बसलो नव्हतो, रेकॉर्डिंग चालू होतं. बुटकी अनवाणी दारापर्यंत जाते, जावई साडेचार म्हणून पुटपुटतात, तू शूः करतेस, आणि मग फरशीवर चपलेची टाच वाजते, टक, टक. एवढंही ऐकू येत नसतं तर दुकान कशाला थाटलं असतं? व्याह्यांना अर्थात पाच फूट पाचच सांगितलं. चपलांसकट तेवढीच भरते, पट्टी खोटं बोलत नाही.

कॅसेट चौदावरचा शेरा खोडला. आता लिहिलंय: घरघर आहे, जपणे.

आणि लग्नाचं रेकॉर्डिंग साफ करून सोबत पाठवतोय. पंख्याचा आवाज काढला, खुर्च्यांचा काढला. ती टकटक ठेवली. मुळात आहे ती.

पाटीसकट तुझाच
भाऊ