शहाण्णव सीटांचं यंत्र

हट्टा, ता. वसमत

चि. शिवकन्या हिला तुझ्या आत्याचा नवरा उकंडराव याचा पोटभर आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल (माझा गुडघा सोडून, पण तो खुशाल कधीच नव्हता). तिकडे हैदराबादेत वेळेवर जेवतेस ना?

पत्रास कारण, सोबतचं पोतं. आपल्या हळदीला मी ‘उकंड-एक’ नाव देऊन बांधावर पाटी लावली आहे, खाली ‘जनक : उकंडराव’ असं लिहून. तर पोळ्याच्या दिवशी शेजारचा विश्वंभर चारचौघांत म्हणाला, ही हळद माझ्याच वाणाची. मी म्हटलं, आमची भाची वंशावळ वाचणाऱ्या यंत्रांवर काम करते, तीच निवाडा करील. मी खोटा ठरलो तर, विश्वंभर, ही पाटी स्वतःच्या हातानं उपटून तुझ्या बांधावर रोवीन. (रागात माणूस काहीही बोलतो.)

मग तू फोनवर यंत्रायंत्रांतला फरक सांगितलास, तो मला बराबर कळला. धाकटं यंत्र एका फेरीत पानातल्या डीएनएचे अडीच कोटी तुकडे वाचतं, थोरलं हजार कोटी. पण दोघंही एका दमात दोन-तीनशे अक्षरांपुढे जात नाहीत. तिसरं मात्र तुकडे मोजकेच घेतं आणि एकेकाची पंधरा-वीस हजार अक्षरं न थांबता वाचतं (हे तुझ्या आत्याच्या माहेरचं असावं). थोरल्यात शहाण्णव नमुने बसतात आणि एकट्या माझ्या पानासाठी ते चालवणं परवडत नाही, असं तू म्हणालीस. अगं, मग ही तर वारंगा फाट्यावरची काळीपिवळी जीपच झाली. सीटं भरल्याशिवाय ती कधी सुटते का?

म्हणून आठ दिवस गावभर फिरून मी सीटं भरली. ज्याच्या-त्याच्या हळदीचं पान वाळवून पुडीत बांधलं आणि वर नंबर टाकला. ब्याण्णवला विश्वंभर सोडून सगळे हळदवाले संपले. मग सुदामनं सोयाबीन दिलं, पुजाऱ्यानं तुळस, आणि भीमराजनं बैलाचे उपटलेले केस (बैल खिल्लार म्हणून घेतला होता, त्याला शंका आहे). विश्वंभर शेवटचा चढला. पान देताना तो हसत होता, ते मला आवडलं नाही. तरी तू थोरलंच यंत्र लाव. सत्याला जागा कमी पडू नये.

तुझा सत्यप्रिय मामा,
उकंडराव

ता.क. विश्वंभरचं हसणं डोक्यातून जाईना, तेव्हा एक गोष्ट आठवली. आठ वर्षांपूर्वी माझं बेणं सडलं होतं आणि तुझ्या आत्यानं कुठूनसं दुसरं आणून लावलं. कुठून, ते मी विचारलं नव्हतं. आज विचारलं तर म्हणाली, “मशीनला वाचू द्या की.” तेव्हा बाई, पहिल्या नंबरची माझी पुडी वाटेत सांडली म्हण. अगदीच जमत नसेल तर धाकट्या यंत्रात घाल आणि अर्ध्यात थांबव. बाकीचे पंच्याण्णव खुशाल जाऊ देत. मी फाट्यावरच उतरतो.

पुन्हा ता.क. शिवकन्या, मी आत्या. पोत्याचं तोंड शिवायला माज्याकडं आलं म्हून वाचलं. मामाचं ऐकू नको. बेणं मी विश्वंभरच्या बायकोकडून, सुनिताकडून आणलं, हे खरं हाय. पर तिला ते मीच दिलं हुतं. लग्नानंतर पयल्या दिवाळीला माहेराहून, शिरड शहापूरहून येताना तुज्या आजीच्या परसातले पाच गड्डे पदरात बांधून आणले हुते, त्यातलं. हे दोघं काहून भांडून राहिले, कोण जाणे. भीमराजच्या बैलाला मी उतरवलंय आन् त्याच्या जागी आपल्या परसात उरलेल्या त्याच गड्ड्यांच्या हळदीचं पान बसवलंय. पाटी उपटायचं काम न्हाई. खालचं नाव तेवढं बदलायचंय, रंगवाल्याला उद्या बोलावलंय.