नेऱ्याच्या शेतातला बर्फ

बाबा, तुमचं विमान नेऱ्याच्या भातशेतीत उतरलं तेव्हा मी चौथीत होते. भाद्रपदातला दमट, घामट दिवस. तुम्ही शिकवत होतात तो फ्लाइंग क्लबचा विद्यार्थी तुमच्याबरोबर होता. खाली येताना इंजिनाचा दम गेला आणि तुम्ही बांध चुकवून विमान चिखलात बसवलंत. कुणाला खरचटलंही नाही. जमलेल्या लोकांनी कारण विचारलं, तर तुम्ही खरं तेच सांगितलंत : पेट्रोल आणि हवा जिथं मिसळतात त्या कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरला, आणि गरम हवा सोडणारा दांडा ओढायला मला उशीर झाला. एक शेतकरी हसून म्हणाला, “या उकाड्यान बरफ? सायबानी टाकलेली हाय.” दारूबंदीचे दिवस होते ते. तुम्ही घरी पोचायच्या आधी ते वाक्य पनवेलच्या बाजारात पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी क्लबचे साहेब इंजिन उघडून बघून गेले. आत काही नव्हतं. असणार कसं, बर्फ तर विमान थांबल्याबरोबर वितळला असणार. तुमच्या शब्दाखेरीज पुरावाच उरला नाही. चौकशीत काहीच ठरलं नाही, आणि तेच तुम्हाला भोवलं. पुन्हा एकही विद्यार्थी क्लबने तुमच्या हाताखाली दिला नाही. तुम्ही मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात लागलात.

शाळेत मला ‘बर्फवाल्याची पोर’ म्हणायचे. एकदा तुम्ही स्वयंपाकघरात स्टोव्ह पेटवत होतात, आई कणीक मळत होती, आणि मी विचारलं, “बाबा, खरं सांगा ना. तुम्ही प्यायला होतात?” आईचा हात परातीत थांबला. तुम्ही रागावला नाहीत, रागावला असतात तर बरं झालं असतं. काकड्यासाठी घेतलेल्या स्पिरिटचा एक थेंब माझ्या मनगटावर टाकून तुम्ही फुंकर घातलीत. पेट्रोलही असंच उडतं, जाताना ऊब घेऊन जातं, आणि हवा ओली असली की आत बर्फ धरतो, म्हणालात. दांडा ओढल्यावर वितळलेलं पाणी आत जातं, इंजिन आधी जास्तच खोकतं, मग सुधारतं. तेवढा धीर धरायला विमानाखाली उंची लागते, ती तुमच्याजवळ उरली नव्हती. सगळं ऐकून मी म्हटलं, “गार लागलं. पण बर्फ कुठाय?” तुम्ही स्टोव्हला पंप मारू लागलात.

कॉलेजात हेच सगळं इंग्रजी पुस्तकात वाचलं आणि एका बैठकीत पटलं. पुस्तकावर विश्वास बसला, बापावर बसला नव्हता. त्यानंतरही तुम्ही कितीतरी वर्षं होतात. रविवारी आपण समोरासमोर जेवायला बसायचो, आणि मी ‘भात वाढू का’ एवढंच विचारायचे. लाज वाटायची, अजून वाटते.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? कपाटातच राहील. पण एक लिहायचं राहिलंय. त्या वर्षी तुम्ही संध्याकाळी दुकानातून आलात की मी धावत येऊन गळ्यात पडायचे. पोरीचा माझ्यावर किती जीव आहे बघ, असं तुम्ही आईला कौतुकाने सांगायचात. बाबा, मी तुमच्या तोंडाचा वास घेत होते.