काठाचं माप

१२ जाने. ९७, रविवार
सकाळी उषाने पिकअप अंगणात घेतली. उलटी, एका दमात, शेवगा आणि भिंत यांच्यामध्ये वीतभर जागा राखून. मला दोन वर्षांत एकदाही जमलेलं नाही. बायको नर्सरी चालवते आणि कुंड्या स्वतः गाडीतून पोचवते म्हटलं की ऑफिसातले म्हणतात, 'एक ड्रायव्हर ठेवा की साहेब.' कशाला? हिच्याहून बरा कुठून आणू?

तिची तक्रार : ब्रेक दाबला की पेडल थरथरतं, पायाला कळतं. म्हटलं, पाय हे मापाचं साधन नव्हे. व्हर्नियर काढला, पुढची दोन्ही चाकं उतरवली. ब्रेकच्या डिस्कची जाडी २१.८ मिमी. दुसरी २१.७. डिस्कवरच उठवलेलं आहे, किमान २०. म्हणजे अजून बक्कळ. दोनदोनदा मोजली. बावीस वर्षं कारखान्यात दुसरं काय करतोय?
"नक्की ना?"
"अगं, आकडा आहे समोर."
"बरं."
हिचं 'बरं' मला आवडतं. वाद नाही, शंका नाही. मोजलंय म्हटलं की संपलं.

१४ जाने., मंगळ
संक्रांत. अण्णांकडून एळ्ळु-बेल्ला, म्हणजे इकडचं तीळ-गूळ, आलं, आमचा तिळगूळ गेला. अण्णा म्हणजे पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतले मेकॅनिक. घराणं तीनशे वर्षं इथलंच. मराठी आपलीच, पण कन्नडची फोडणी दिलेली. 'ब्रेक त्यांना दाखवू का?' उ. ने विचारलं. म्हटलं, सव्वीस जानेवारीच्या आधी तुला श्वास घ्यायला फुरसत नाही, उगाच गाडी कशाला अडकवतेस. ऐकलं तिने.

१७ जाने., शुक्र
 
यशवंतपूरच्या उतारावर पुढची बस एकदम थांबली. उ.च्या गाडीत मागे सत्तर कुंड्या. पेडल दाबलं तर खाली खालीच गेलं. हिने दुसरा गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, डावं चाक फुटपाथच्या कडेला घासत नेलं आणि बसच्या मागे दोन हातांवर उभी केली. कुणाला खरचटलंही नाही. दोन कुंड्या फुटल्या. घरी येऊन सांगितलं ते असं, "दोन जरबेरा गेले." बाकीचं मी खोदून खोदून काढलं.
मी तिथे असतो तर दोन्ही हातांनी डोळे झाकले असते. काय बाई आहे!
पण डिस्क तर २१.८ होत्या.

१८ जाने., शनि
अर्धा दिवस रजा. उ. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये पीण्यापर्यंत घेऊन आली, मी मागून स्कूटरवर. ती समोरच्या हॉटेलात कॉफी सांगायला गेली.
अण्णांनी चाक काढलं. नख डिस्कवरून आतून बाहेर नेलं. काठाशी नख अडकलं. मग माझा हात धरून माझंही नख फिरवलं.  बाहेरच्या कडेला, जिथे ब्रेकचं पॅड पोचत नाही, तिथे गोल वरंबा शिल्लक. आतली सगळी झिजून खाली गेलेली.
खिशातून दोन रुपयांची नाणी काढली. एक इकडून, एक तिकडून, वरंब्याच्या आत धरली. "आता तुमचा व्हर्नियर लावा, सर. मग नाणी वजा करा."
१८.९.
"काठ मोजलात, सर. मधी मोजायचं. पातळ डिस्क उतारावर तापली, ऑइल उकळलं, म्हणून पेडल खाली गेलं."
लेथवर घासून सरळ करता येईल का, असं मी काहीतरी पुटपुटलो. "असलं तर घासू. ह्यात घासायला काय ऱ्हायलंय?"
उ. येताना दिसली. अण्णा हळूच म्हणाले, "अक्काला पॅड गेलते म्हणतो. सरी?"
मीही त्यांच्याच कन्नडात 'सरी', ठीक, म्हणालो. म्हणालोच.

१९ जाने., रवि
सांगितलं नाही. ती सकाळी म्हणाली, "पॅड इतके लवकर कसे गेले हो? तुम्ही तर परवाच बघितलं होतं." मी पेपर वाचत होतो. पेपर उलटा नव्हता एवढंच.

२१ जाने., मंगळ
जे. सी. रोडवर चार दुकानं फिरल्यावर डिस्कची जोडी मिळाली. संध्याकाळी अण्णांनी बसवली. बघत राहावं असं काम. नव्या डिस्कवरचं तेल आधी पेट्रोलने पुसलं. बसायची जागा पॉलिश पेपरने इतकी घासली की गंजाचा ठिपका राहिला नाही. ठिपका राहिला तर डिस्क डुलणार, म्हणे. पॅड धरणारा कॅलिपर तारेने टांगला, ऑइलच्या नळीवर लोंबू दिला नाही. नट समोरासमोरचे आवळले. शेवटी स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कशी धरून चाक फिरवलं, कान लावला.
"नाही डुलत."
मी ऑफिसातून डुलणं मोजायचा डायल गेज नेला होता. लावला. मिलिमीटरचे चार शतांश. खरंच नाही डुलत. गेज निमूट पिशवीत घातला. या माणसाला मी आजवर मनात नुसता 'मिस्त्री' म्हणत होतो याची लाज वाटली.
उ. ला सूचना : "अक्का, दोनशे किलोमीटर गचकन दाबू नका. स्वल्प स्वल्प दाबा. पॅडला ओळख होऊ दे."
अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. माझ्यासाठी खोटं बोलून त्यांनाच अवघड झालं होतं.

२३ जाने., गुरु
सांगितलं. ती रोपांना पाणी घालत होती. म्हटलं, पॅड नव्हते गेले. डिस्कच झिजल्या होत्या, आणि मी काठ मोजला होता. अण्णांना मीच गप्प बसू दिलं. तू माझ्या आकड्यावर विसंबून उतारावर गेलीस.
झारी थांबली नाही.
"म्हणजे साडीचा काठ बघून पोत सांगितलात."
"हो."
तीन कुंड्यांनंतर : "ऑफिसात असे किती काठ मोजलेत?"
रागाने नाही. खरंच विचारत होती.  ओरडली असती तर बरं झालं असतं.

२४ जाने., शुक्र
ऑफिसात माझ्या मापांचे दोन जुने रिपोर्ट काढून पाहिले. ठीक होते. तिसरा काढायचा धीर झाला नाही. सोमवारी काढीन.
घरी आलो तर उ. पिकअपखाली. वर्तमानपत्र अंथरून आडवी, हातात टॉर्च. ब्रेकच्या नळ्यांच्या जोडावर ओल आहे का बघत होती. परवा अण्णांकडून शिकून घेतलं म्हणे. मला हाक मारली नाही. पूर्वी मारली असती. मी पायरीवर उभा राहून तिचे तळवे बघत होतो. वाईट वाटलं आणि कौतुकही वाटलं, त्यातलं जास्त कुठलं ते कळेना.

२५ जाने., शनि
चौथा शनिवार, ऑफिसला सुट्टी. बोम्मसंद्राच्या एका कारखान्यात उद्याच्या झेंडावंदनासाठी कुंड्या मांडायच्या आहेत. एकशेवीस. पहाटेपासून ती एकटीच चढवतेय, मला उठवलंही नाही. आत्ता दारात येऊन म्हणाली,
"येता का?"
"ब्रेक तपासायला?"
"ते झालं माझं. कुंड्या धरायला."
मागे कुंड्यांत बसायचं की पुढे तिच्या शेजारी, ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. एक चप्पल सापडली, दुसरी कॉटखाली गेलीय. हॉर्न वाजला. जातो.