हे पत्र दिपा वाचून दाखवील

हिंगोली,
१८ मे २००४

प्रिय मिराबाई,

ऊसतोडीहून तुम्ही सगळे सुखरूप परत आलात, हे तुमचे दीर रतनसिंगभाऊ यांच्याकडून कळलं. सासूबाईंचे गुडघे आता कसे आहेत? धाकटा एव्हाना अंगणभर धावत असेल. मी बरी आहे. यंदा ऊन डोळ्यांना सोसत नाही, म्हणून दुपारी खिडक्यांना ओल्या चादरी लावून पडून असते. त्या गार अंधारात आपण जाग्या आहोत की झोपेत, ते माझं मलाच कळत नाही. अशा वेळी तुमचा तांडा दिसतो. तुमच्या दोरीवर सासूबाईंची आरशांची ओढणी वाळत घातलेली, आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे शंभर कवडसे. वारा आला की सगळी भिंतच पाण्यासारखी हलायची.

दोन वर्षांत मी तिकडे आले नाही. कामं होती, असं आधी लिहिलं होतं. तो कागद फाडला.

तुम्हाला आठवत असेल, तेव्हा मी शिकत होते. पन्नाशीला टेकलेली विधवा बाई दप्तर घेऊन औरंगाबादला जाते, याची गल्लीत पुष्कळ थट्टा झाली. शेजारच्या सखुबाई तर विचारायच्या, डबा कोण भरून देतं गं तुला? दोन वर्षं वर्ग, मग दोन वर्षं शाळाशाळांतून उमेदवारी, आणि शेवटी शालेय मानसशास्त्रज्ञ म्हणून प्रमाणपत्र मिळायचं. एखाद्या मुलाला वाचता का येत नाही, एखादी मुलगी गप्प का राहते, हे शोधून काढायची ती विद्या. मला ती मनापासून आवडली. वीस-बावीस वर्षांच्या मुलींमध्ये मी एकटी पांढऱ्या केसांची. पण संध्याकाळी वसतिगृहाच्या गच्चीवर पुस्तक घेऊन बसले, की मला पुन्हा कॉन्व्हेंटमधली मुलगी झाल्यासारखं वाटायचं.

कॉन्व्हेंटचं तुम्हाला कधी सांगितलं नाही. माझे वडील सिकंदराबादला रेल्वेत होते. मी सहा वर्षांची, घरी फक्त मराठी, आणि शाळेत सगळं इंग्रजी. तीन महिने मी तोंड उघडलं नाही. अजून ती लांब लाल फरशी दिसते, निलगिरीच्या पानांचा वास येतो, आणि लांबच्या खोलीत कुणीतरी पियानोचा एकच स्वर पुन्हा पुन्हा दाबत असतं. आमच्या वर्गाची सिस्टर म्हातारी होती. तिला 'नर्मदा' म्हणता येईना, ती 'नॉर्मा' म्हणायची. सगळ्या मुलींच्या नावांपुढे ती शेरा लिही. माझ्या नावापुढची जागा तिने तीन महिने कोरी ठेवली. बोलेल तेव्हा लिहू, म्हणाली.

मी मात्र जागा कोरी ठेवली नाही.

हेच सांगायला बसले होते, आणि दोन पानं भरली तरी भोवती भोवती फिरते आहे. आज इथे थांबते.

१९ मे

मिराबाई, आमच्या शिक्षणात एक नियम होता. दुसऱ्या वर्षी प्रत्येकीने दहा मुलांची बुद्धीची चाचणी घ्यायची, ती फक्त स्वतःचा हात बसावा म्हणून. नवख्या हाताने काढलेला आकडा खरा धरायचा नाही, आणि कुणालाही, मुलाच्या आईबापांना तर मुळीच, सांगायचा नाही. पहिल्याच दिवशी आमच्या मॅडमनी आमच्याकडून ते लिहून घेतलं होतं.

तुमच्या गावच्या हेडमास्तरांनी मला जी दहा मुलं दिली, त्यांत तुमची दिपा सातव्या नंबरवर. तेव्हा चौथीत होती. दिवाळीपासून तुमच्याबरोबर उसाच्या फडावर, आणि परत येऊन आठच दिवस झालेले. शाळेच्या व्हरांड्यात आम्ही बसलो. मी लाल-पांढरे ठोकळे मांडले, चित्रातल्यासारखी नक्षी कर म्हटलं, आणि घड्याळ सुरू केलं. तिने नक्षी केली. मग ती थांबेना. माझ्या हाताशी होते नव्हते तेवढे ठोकळे घेऊन तिने त्याच नक्षीची किनार लावली, कोपरा सुद्धा वळवला. मी घड्याळाकडे बघत होते. वेळ संपली होती. मी शून्य लिहिलं.

मग प्रश्न. आठवड्याचे दिवस किती, सूर्य कुठे मावळतो. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "तुमाला तर ठाऊक हाय. मग मला काहून विचारून राहिल्या?"

मी तिथेही शून्य लिहिलं.

त्याच संध्याकाळी दिपाच्या बाबांनी, प्रेमसिंगभाऊंनी, मला चहाला तांड्यावर आणलं. अंगणात तांड्याचे प्रमुख रामजी नायक बसले होते, आणखी चार माणसं होती. तुम्ही चुलीपाशी होतात. प्रेमसिंगभाऊंनी विचारलं, "बाई, खरं सांगा. पोरगी शिकंल का?"

नियम मला पाठ होता. पण मिराबाई, माझा नवरा गेल्यापासून कुणी मला बाजेवर बसवून, चार माणसांसमोर, एवढ्या आदराने काही विचारलं नव्हतं. मी कागद न काढता सांगितलं, की दिपा मंद आहे, चौथीपुढे तिला झेपणार नाही, उगाच तिला त्रास देऊ नका. माझा आवाज किती गोड होता, तो मला अजून ऐकू येतो.

ते एवढंच म्हणाले, "बराबर. तुमी शिकलेल्या." आणि जूनमध्ये शाळेतून तिचं नाव काढलं.

हे मला त्याच पावसाळ्यात हेडमास्तरांकडून कळलं होतं. तेव्हाच मी यायला हवं होतं. पण आले असते तर मॅडमना सांगावं लागलं असतं, आणि प्रमाणपत्र गेलं असतं. मी स्वतःला समजावलं, की मी म्हटलं ते कदाचित खरंही असेल. दोन वर्षं त्या आधारावर मी दुसऱ्यांची मुलं तपासत फिरले.

गेल्या महिन्यात कळमनुरीच्या बाजारात रतनसिंगभाऊ भेटले. त्यांच्या खिशात आंतर्देशीय पत्र होतं. फडावर तुमची पत्रं कोण वाचतं, असं मी सहज विचारलं. म्हणाले, "दिपा. दुसरं कोन? चाळीस कोप्या-झोपड्यांची पत्रं तीच वाचती. अन् नुस्ती वाचत न्हाई बाई, म्हातारीचं पत्र म्हातारीगत वाचती, पाटलाचं पाटलावानी. लोकं काम सोडून ऐकतेत."

मी कांद्याच्या ढिगापाशी उभी राहिले. काय घ्यायला आले होते, ते आठवेना.

दुसऱ्या दिवशी औरंगाबादला जाऊन मॅडमच्या समोर माझ्या नोंदवहीत सगळं लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग त्यांनी माझं प्रमाणपत्र थांबवलं. उमेदवारी पुन्हा करायची, आणि ती करू द्यायची की नाही हे सुद्धा पुढे ठरेल. जूनपासून इथल्या एका शाळेत माझी नेमणूक व्हायची होती, ती गेली.

परवा रतनसिंगभाऊंना घरी बोलावून हे सगळं सांगितलं आणि पत्र न्याल का, विचारलं. ते म्हणाले, "सर्टिफिकेट अडलं म्हून आठवण आली व्हय आमची?" मला राग आला नाही. ते अडायच्या आधी मी दोन वर्षं गप्प होते, तर माणसाने दुसरं काय समजावं? पत्र नेतो म्हणाले. पण जाताना उंबऱ्यात थांबून बोलले, "कागदानं व्हणार न्हाई. नायकासमोर बोल्ल्या होत्या ना? तितंच येऊन परत घ्या. त्याबिगर प्रेमसिंग हलायचा न्हाई."

आता मिराबाई, थोडा वेळ मला तुमच्या लेकीशी बोलू द्या.

दिपा, हे पत्र तू मोठ्याने वाचते आहेस, हे मला ठाऊक आहे. आई समोर बसली असेल, आजी असेल, कदाचित बाबाही. माझा आवाज तू कसा काढतेस, देव जाणे. इथून पुढचं मनातल्या मनात वाच. मोठ्याने वाचायचं की नाही, ते नंतर तू ठरव.

मी तो शब्द बोलले, तेव्हा तू पाण्याचा तांब्या घेऊन बाजेच्या मागे उभी होतीस. मी तुला पाहिलं होतं. तरी बोलले. तू तांब्या खाली ठेवलास आणि आत गेलीस.

तो शब्द खोटा होता. तू लहान होतीस म्हणून नाही, दमली होतीस म्हणूनही नाही. मला तपासता येत नव्हतं, आणि मी येतं असं दाखवलं. तुझी पाचवी आणि सहावी माझ्यामुळे गेली. ती मला परत देता येणार नाही. हेडमास्तर म्हणतात, पंधरा जूनच्या आत नाव घातलं तर तुला सरळ सहावीत बसवतील, आधी तुझं वाचन ऐकतील. ऊस सुरू झाला की आश्रमशाळेच्या वसतिगृहात राहता येईल, तेही मी विचारून आले. पण बाबांच्या सहीशिवाय काही होत नाही. आणि तुझ्या मनाशिवाय होऊ नये. तुला जायचं नसेल, माझं तोंडही बघायचं नसेल, तर तसं सांग. शब्द मी तरीही परत घेईन. तो माझा आहे, तू का बाळगावास?

आता पुन्हा मोठ्याने वाच. मिराबाई, येत्या रविवारी मी सकाळच्या पहिल्या गाडीने येते. रामजी नायकांना निरोप द्या. त्या दिवशी अंगणात जी चार माणसं होती, त्यांनाही बोलवा. प्रेमसिंगभाऊंनी घरात नाही घेतलं तरी हरकत नाही. चहा ठेवू नका, बाज टाकू नका. मी बसायला येत नाही.

ऐकणाऱ्या सगळ्यांना नमस्कार. वाचणारीला मात्र माझ्याकडून आशीर्वाद लिहवत नाही. तो अजून माझ्या हातात नाही.

तुमच्या अंगणात उभी राहायला निघालेली,
नर्मदा