दाखवायची चूल

आई,

काल आपल्या वसाहतीत माझा सत्कार झाला. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. मंडप घातला होता, माईक होता, आणि मला मधल्या खुर्चीवर बसवून शाल-नारळ दिला. निमित्त असं, की आपल्या जुन्या खोल्या आता पाडणार आहेत आणि त्याच जागेवर सरकार पक्की इमारत बांधून प्रत्येकाला त्याच्या नावावर घर देणार आहे. चिंचेखालच्या मावशीचा नातू त्यासाठी फार धडपडला. तो बोलायला उभा राहिला आणि म्हणाला, "या आजोबांनी आपल्या आईचं घर आमच्या आजीला दिलं. त्यांनी तवा मन मोठं केलं नसतं तर आमी अजून नदीकाठालाच असतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले. खरं तर तिथंच उठून दोन शब्द बोलायला हवे होते. पण म्हातारा माणूस गप्प बसला की लोकांना तो नम्रपणा वाटतो, आणि त्याचा काल मी पुरेपूर फायदा घेतला. तुला वाचता येत नव्हतं. मी चौथीपर्यंत शिकलो, आधी हमाली केली, मग दिवाणजींच्या हाताखाली बसून हळदपेठेत जन्मभर लिहीतच आलो, पण तुझ्यासाठी म्हणून एक ओळ कधी लिहिली नाही. आज लिहितोय.

सांगलीला संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. कुडाच्या भिंती आणि वर उसाचं पाचट, अशी आपली झोपडी कृष्णेच्या उतारावर होती. बाप जावळीतून, मेढ्याकडून आपल्याला इथं घेऊन आला आणि वर्षाच्या आत गेला. तू पेठेत हळद निवडायला बसायचीस. कितीही घासलेस तरी तुझे हात पिवळेच राहायचे आणि भाकरीलाही तो रंग थोडा लागायचा. दर पावसाळ्यात नदी वर यायची, आपण भांडी आणि गोधड्या घेऊन शाळेच्या ओसरीवर जायचो, आणि पाणी उतरलं की चिखल खरवडून त्याच जागी पुन्हा कूड बांधायचो. आपल्या खालच्या अंगाला चिंचेच्या झाडाजवळ ती मावशी. तिचा नवरा लढाईवर गेला होता आणि त्याची काहीच खबर नव्हती. दोन पोरींना घेऊन ती थोरल्या दिराच्यात जेवायची आणि दिवसभर पेठेत तुझ्या शेजारी हळद निवडायची. तुमच्या गप्पा काय चालायच्या देव जाणे, पण मुकादम तुम्हाला दोनदा लांब लांब बसवून थकला होता.

मग मिरजेच्या रस्त्याला माळावर, जिथं पाणी कधी पोचत नाही तिथं, बेघरांसाठी खोल्या बांधायचं ठरलं. विटांच्या भिंती आणि वर कौलं. भाडं नाममात्र, आणि पुढं खोली राहणाऱ्याच्या नावावर व्हायची. खोल्या कमी आणि झोपड्या जास्त, त्यामुळं नियम करावा लागला. नियम सोपा होता, ज्याची चूल वेगळी त्याला खोली. आपल्यात चूल वेगळी झाली म्हणजे घर फुटलं, हे त्या नियम करणाऱ्यांना माहीत होतं. म्हणूनच त्यांना वाटलं असेल, की याबाबतीत कोण कशाला खोटं बोलेल. मी बोललो. माझं लग्न नुकतंच झालं होतं, अंगात जोर होता, आणि एकाच्या जागी दोन खोल्या मिळताहेत हे डोक्यातून जाईना. मी तुला म्हणालो, झोपडीच्या मागं तुझी म्हणून एक चूल मांड. तू ऐकेनास. "अरं, एका घराला दोन चुली? लोक म्हन्तील, सून आली न् घर फाटलं." मी म्हणालो, "आये, नुसती दाखवायला. साहेब बघून गेला की मोड." तिसऱ्या दिवशी तू नदीवरून तीन दगड आणलेस, शेणानं जागा सारवलीस आणि आपला खापराचा तवा तिकडं नेलास. लोखंडी तवा सुनेला ठेवलास.

ती सकाळ मला अजून दिसते. ओव्हरसीयर पुढं, शिपाई मागं, आणि सगळा काठ गोळा झालेला. ओव्हरसीयर उकिडवा बसतो, राखेवर हात धरून ऊब आहे का बघतो. वाईट माणूस नव्हता तो. तुला विचारतो, "बाई, ही चूल कुणाची?" तू म्हणतेस, "माजी." "वेगळी का?" तू माझ्याकडं बघतेस. मी मान फिरवतो. "पटत न्हाई, सायब." "कुणाशी, सुनेशी?" सगळे तसंच सांगत होते आणि आपलंही तेच ठरलं होतं. तू म्हणालीस, "सून ग्वाड हाय माजी. लेकाशी पटत न्हाई." मागं कुणीतरी हसलं. ओव्हरसीयर उठला आणि त्यानं सगळ्यांसमोर मला झाप झाप झापलं, जन्म दिलेल्या आईला वेगळं जेवायला लावतोस, लाज नाही वाटत. मी खाली मान घालून उभा, आणि मनात मात्र उकळ्या फुटत होत्या. तो पुढं गेल्यावर मी तुला म्हणालो, "आये, लय झ्याक सांगितलंस." तू चुलीवर पाणी ओतलंस. म्हणालीस, "असलं पुन्यांदा बोलाया लावू नगंस, बाबा."

चिंचेखालच्या मावशीलाही त्यानं विचारलं होतं. चूल मांडून ठेव म्हणून तिला काठावरच्या चौघांनी आधी सांगितलं होतं, तूही सांगितलंस. ती तयार झाली नाही. "मालक परत आलं तर म्हन्तील, माज्या माघारी घर फोडलंस." तिनं खरं सांगितलं, जेवतो भावजींच्यात. दिराला एक खोली मिळाली, त्यात त्याचीच पोरं मावेनात. ती आणि पोरी चिंचेखालीच राहिल्या.

आपल्याला मात्र दोन्ही खोल्या मिळाल्या, पण चिठ्ठ्या टाकल्यामुळं माझी ओळीच्या या टोकाला आणि तुझी त्या टोकाला. कौलाखाली पहिल्यांदा झोपलो तेव्हा मला किती सुख झालं ते आजही खोटं सांगणार नाही. वर्षभर तपासणी राहील, एक चूल दिसली तर दोन्ही खोल्या काढून घेऊ, असं बजावलं होतं. म्हणून चूल मोडायची राहिली. तुला एकटीपुरतं पीठ घ्यायची सवय नव्हती. तुझ्या भाकरी जास्त व्हायच्या आणि त्या तू पदराखाली झाकून आमच्याकडं आणायचीस. एकदा शेजारच्यानं विचारलं, "काय काकी, लेकाशी पटाया लागलं जणू?" मी घाबरलो. तुला दारातच म्हणालो, "आये, भाकरी आनत जाऊ नगंस. वर्ष सरू दे." तू बरं म्हणालीस आणि भाकरी घेऊन परत गेलीस. सूनही माझ्यावर चिडली, पण तुला हाक मारायला ती उंबऱ्याबाहेर गेली नाही, आणि मीही नाही.

पुढं एकदा तू पेठेतून सरळ माझ्याकडं आलीस. हात तसेच पिवळे. बसली नाहीस. म्हणालीस, "ती खोली आपली न्हवं, बाबा. तिची हाय ती. मी तिच्या मांडीला मांडी लावून बसती रोज, मला घास जात न्हाई. तिला देऊ या, मी तुमच्यात येती." यात न समजण्यासारखं काही नव्हतं. तुझं बरोबर होतं. एक खोली तिला गेली असती आणि तू घरी आली असतीस. मी म्हणालो, आता खरं सांगितलं तर दोन्ही जातील, आम्ही पुन्हा पाचटाखाली जाऊ, सुनेला दिवस गेलेत. हे सगळं खरं होतं. पण त्याखाली दुसरं एक होतं, की पोर मोठं झालं की त्याला ती खोली होईल, असा हिशेब मी तेव्हाच करून ठेवला होता. जे पोर अजून जन्माला आलं नव्हतं त्याच्यासाठी. तू निघून गेलीस आणि हा विषय पुन्हा कधी काढला नाहीस.

त्या पावसाळ्यात नदी चढली. आम्ही माळावर कोरडे. मी कामावरून आलो तर कळलं, तू काठावर जाऊन मावशीला आणि पोरींना तुझ्या खोलीत घेऊन आलीस. मी तसाच ओल्या कपड्यांनी तुझ्या दारात. आत चूल पेटलेली, दोन पोरी भिंतीला टेकून भाकरी खातायत, पिवळसर भाकरी, आणि मावशी पीठ मळतेय. मी तुला बाहेर बोलावून दात ओठ खात म्हणालो, तपासणी आहे, तुझ्यापायी आमचं पण घर जाईल, पाणी उतरलं की त्यांना घालव. तू शांतपणे म्हणालीस, "आपलं पटत न्हाई म्हणून मी समद्यांम्होरं सांगितलंय न्हवं? मग न्हाई पटत." आणि आत गेलीस. पुढं ओव्हरसीयर आला, त्यानं विचारलं, या कोण? तू सांगितलंस, "माजी भन, सायब. एकच चूल हाय. बगा की." एक चूल, एक खोली. नियमात बसत होतं. तो बघून गेला.

वर्ष सरलं. आता तुला आणायला कुणाची आडकाठी नव्हती. मी एकदा तसं म्हणालोही, पण कसं, तर जाता जाता, रस्त्यात उभ्या उभ्या. तू म्हणालीस, "ऱ्हाऊ दे आता. पोरी सवकल्यात." मी आग्रह केला नाही. तुला तिकडं बरं वाटतं, असं मी मनाशी ठरवून टाकलं. कदाचित वाटतही असेल. पण मी ते तुला विचारून ठरवलं नव्हतं, मला सोयीचं होतं म्हणून ठरवलं. नंतर तू तापानं पडलीस तेव्हा तुझं अंग पुसणं, पेज भरवणं, सगळं मावशीनं केलं. मी संध्याकाळी यायचो आणि उंबऱ्याशी बसायचो. एकदा तिनं माझ्यापुढं ताटली ठेवली, भाकरी आणि झुणका, आणि मी पाहुण्यासारखं नको नको म्हणत खाल्लं. तू पडल्या पडल्या बघत होतीस. त्यानंतर फार दिवस राहिली नाहीस.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी कचेरीत गेलो. कशासाठी गेलो हे कुणालाही माहीत नाही, सुनेलाही मी शेवटपर्यंत सांगितलं नाही. संस्थान गेलं होतं, कचेरीवरची पाटी बदलली होती, ओव्हरसीयर तोच. मी तुझी खोली मागायला गेलो होतो, आई. वारस म्हणून. मावशी जाईल दिराकडं, असं म्हणायचंही ठरवून गेलो होतो. त्यानं मला ओळखलं. म्हणाला, "हे बघ, सरळ आहे. आई तुझ्यात होती म्हणत असशील, तर त्या वेळी तुम्ही खोटं बोलून दोन खोल्या घेतल्या. आईची परत घ्यावी लागेल, तुझी तेवढी तुझ्याकडं राहील. वेगळी होती म्हणत असशील, तर तिच्या चुलीवर जी माणसं जेवत होती त्यांची ती खोली. आता सांग, तुझी आई तुझ्यात होती का?" दोन्ही बाजूंनी खोली मिळत नव्हती. मग निदान तिथं तरी मला म्हणता आलं असतं, की होती, साहेब, आम्ही एकच होतो. माझं काही जात नव्हतं. फक्त खोटारडा ठरलो असतो. मी म्हणालो, "न्हाई सायब. वेगळी होती. आमचं पटत न्हवतं." तो बरं म्हणाला आणि त्यानं पुढच्या माणसाला आत बोलावलं.

संध्याकाळी मावशी पोरींना घेऊन आली आणि माझ्या पाया पडायला वाकली. कुणीतरी तिला सांगितलं होतं, की मीच कचेरीत जाऊन खोली तिच्याकडं ठेवायला लावली. मी म्हणालो, "असू द्या, मावशी. तुमचंच हाय." तेवढंच बोललो. बाकीचं लोकांनीच वाढवत वाढवत कालच्या मंडपापर्यंत आणलं. तिचा नवरा कधी आला नाही. पोरींची लग्नं त्याच खोलीतून झाली.

तू नदीकाठी पटत न्हाई म्हणालीस तेव्हा ते खोटं होतं आणि निम्म्या काठाला ते ठाऊक होतं. मी कचेरीत म्हणालो तेव्हा कुणालाच शंका आली नाही. मलाही आली नाही.

हा कागद मावशीच्या नातवाला वाचून दाखवावा, असं सकाळी लिहायला बसलो तेव्हा वाटत होतं. आता वाटतंय, आधी इमारत होऊ दे. थंडी फार पडली आहे, आणि ती शाल मी कालपासून अंगावरून काढलेली नाही.