ऐंशी टक्के होईपर्यंत

राहुरी,
मंगळवार

प्रिय हर्षल,

पत्र बघून दचकला असशील. कुणी मेलेलं नाही, घाबरू नकोस. आधी फोनच केला होता. तू म्हणालास, ताई, गाडी चालवतोय, नंतर बोलू. ते नंतर अजून उजाडायचंय. व्हॉइस मेसेज पाठवावा तर तू ते दुप्पट वेगानं ऐकतोस, हे तूच मोठ्या कौतुकानं सांगितलं होतंस. माझा राग दुप्पट वेगानं ऐकलास तर तुला हसूच येईल. म्हणून शाळेतून आल्या आल्या कागद घेऊन बसले आहे. चहासुद्धा घेतलेला नाही, तेव्हा जरा तिखट लागलं तर लागू दे.

ही इलेक्ट्रिक गाडी बुक केलीस तेव्हा पेढे घेऊन घरी आला होतास. त्यानंतर तू आपल्या घराचा उंबरा पाहिलेला नाहीस. त्या दिवशी ओसरीत बसून तू आईला समजावत होतास की पुण्याहून दिशाच्या माहेरी कोपरगावला जाताना गाडी वाटेत चार्ज करावी लागणार, आणि घरच्या प्लगवर लावली तर सगळी रात्र जाते. तू ते तक्रार म्हणून सांगितलंस. आईनं त्यातलं 'सगळी रात्र' एवढंच धरून ठेवलं. आप्पा गेल्यापासून त्या घरात रात्री तिच्याशिवाय कुणी नसतं. तिनं तुझ्या दाजींच्या मागे लागून ओसरीत पंधरा अँपियरचा प्लग बसवून घेतला. अर्थिंगचा खड्डा स्वतः उभं राहून खणून घेतला, त्यात मीठ-कोळसा टाकायला लावला. आतल्या खोलीत गादी घातली, मच्छरदाणी धुतली. तो प्लग अजून कोरा आहे. आई त्यावर कुणाला मोबाईलसुद्धा लावू देत नाही.

आणि तू काय केलंस? कोल्हारच्या अलीकडे त्या हॉटेलच्या आवारात फास्ट चार्जर निघाला आणि तुझं सगळं सोपं झालं. आतला रस्ता खराब, गाडी खालून घासेल, आई, तूच ये ना हॉटेलवर, आम्ही तासभर आहोतच. अरे शहाण्या, तिथून घर मोटारसायकलीवर दहा मिनिटांचं. आणि तासभर तरी कुठला? ऐंशी टक्क्यांच्या पुढं मशीन हळू भरतं म्हणून ऐंशी झाले की तू चार्जरची गन काढतोस. म्हणजे आईच्या वाट्याला तू किती वेळ यायचा, ते तुझी बॅटरी ठरवणार! कमाल आहे बुवा तुझी. ती बिचारी गुडघ्याला पट्टा बांधून वस्तीवरच्या राधाकृष्णच्या रिक्षातून यायची, मांडीवर भाकरी-भरताचा डबा. हॉटेलवाले बाहेरचं खाऊ देत नाहीत, म्हणून गाडीच्या आडोशाला उभ्या उभ्या खायचं. तू एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात मोबाईल घेऊन किलोवॅट बघत बसायचास. आई विचारायची, किती झाली रं? तू आकडा सांगायचास. तिला वाटायचं, पोरगा आपल्याशी बोलतोय.

दिवाळीची गोष्ट मी विसरणार नाही. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सून कोपरगावला चाललीय, तिची ओटी भरायची, आणि उभ्यानं ओटी भरणं आईला मान्य नाही. मग तिनं घरून पाट आणला. चार्जरच्या खांबाशेजारी, दोन गाड्यांच्या मधे पाट मांडला, दिशाला बसवलं, तांदूळ, नारळ, खण पदरात घातला, कुंकू लावलं. पलीकडचे एक गृहस्थ गाडीत बसून शूटिंग करत होते. दिशा रडकुंडीला आली होती. तिला मी बोल लावत नाही. घरी जाऊन येऊ या का, असं ती तुला हळूच म्हणाली, मी माझ्या कानांनी ऐकलं. तू घड्याळ बघितलंस. मला तेव्हा असं वाटलं ना, की तो पाट उचलावा आणि तुझ्या त्या गाडीच्या काचेवर घालावा. पण सणाचा दिवस, आईचा चेहरा उजळलेला. गप्प बसले.

हळूहळू आई त्या जागेतली जाणकार झाली. शेजारच्या गनला दुसरी गाडी लागली की वीज वाटली जाते आणि आपली हळू भरते, हे तिला समजलं. मग दुसरी गाडी आवारात शिरली की हिला कोण आनंद! या, या, हितं लावा, म्हणून हात करून बोलवायची. तुला वाटायचं, आईला माणसांची किती हौस. डोंबल तुझं! तिला तुझी अजून दहा मिनिटं हवी असायची. कडक उन्हात बॅटरी तापते आणि चार्जिंग मंदावतं, हे तू चिडून सांगितलंस, तेव्हापासून ती ऊन पडलं की खूश. एकदा तिनं डब्याची पिशवी मशीनवर टेकवली तर तू खेकसलास, त्या लाल बटणाला हात लागला तर सगळं बंद पडेल, परत सुरू करायला कंपनीचा माणूस यावा लागतो. तेही तिनं ऐकून घेतलं.

मग मे महिन्यातला तो शनिवार. मीही होते. गाडी लावून थोडा वेळ झाला आणि चार्जिंग बंद पडलं. तू कस्टमर केअरला फोन लावून ओरडलास, हॉटेलच्या मच्छिंद्रला नाही नाही ते बोललास, तो बिचारा नुसता मॅनेजर, त्याला मशीनमधलं काय कळणार? आई म्हणाली, आसू दे रं, घरी चला, प्लग हाय, रात्रभर लावा, सकाळी जावा. किती साधं होतं! पण तू हिशेब केलास की एसी बंद ठेवला तर शिर्डीच्या चार्जरपर्यंत गाडी जाते. आणि भर उन्हात, एसी बंद ठेवून, बायकोला घामाघूम करत तू गेलास, पण दहा मिनिटांवरच्या घरी आला नाहीस. त्यानंतर चार्जिंगच्या ॲपवर लिहिलंस, बेभरवशाचं स्टेशन, कुणी थांबू नये. आणि रस्ताच बदललास. आता तू संगमनेरवरून जातोस, तिकडचे चार्जर चांगले आहेत म्हणे. आईला सांगायचंही तुला सुचलं नाही.

ती जातच राहिली. शनिवार आला की डबा, रिक्षा, हॉटेल. मच्छिंद्रचा मला फोन आला. ताई, मावशी आजबी आल्यात, कुठलीबी पांढरी गाडी आली की उठून उभ्या राहत्यात, लोकं इचारत्यात, काय सांगू? तू ज्याला शिव्या घातल्यास, तो तिला सावलीत खुर्ची आणि चहा देतो, ऐकतोयस ना? मी गेले. तिला स्पष्ट सांगितलं की हर्षलनं रस्ता बदललाय, आता तो इकडून येणार नाही. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, माझ्यामुळंच गं. ते लाल बटन मीच दाबलं. मला वाटलं, मशीन बंद पडलं की पोरगं घरी यील. मला काय ठावं ते रस्ताच सोडंल!

हर्षल, सत्तरीला टेकलेल्या बाईला पोटचा पोरगा एक रात्र घरी राहावा म्हणून हे करावं लागलं, आणि वर तीच गुन्हेगारासारखी रडतेय. त्यानंतर तिचं जेवण तुटलं. देवापुढे बसली की एकच, माझ्या हातनं लई वाईट झालं. किती समजावलं, ऐकेना. तुला फोन करून माफी माग, असं माझ्याच मागे लागली. कशाची माफी मागू? मी तुझ्यावर इतकी चिडले होते की काय करून बसेन याचा नेम नव्हता. आणि खरंच करून बसले.

म्हणून हे पत्र. नऊ दिवसांपूर्वी, रविवारी मी आईला सांगितलं की हर्षलला कंपनीनं जर्मनीला पाठवलंय, दोन वर्षांसाठी, घाईत निघावं लागलं, बटणाचा काही संबंध नाही. पहिल्यांदा तिचा विश्वास बसेना. मग बसला. त्या दिवशी ती पोटभर जेवली. भगवतीमातेला नारळ फोडून आली, सगळ्या वस्तीत साखर वाटली. शनिवारी हॉटेलवर गेली नाही. तर आता तू जर्मनीत आहेस, एवढं ध्यानात ठेव. आईला फोन केलास तर मागे पुण्याचे हॉर्न ऐकू येऊ देऊ नकोस, थंडी फार आहे म्हण. चुकून या रस्त्यानं गेलास तर त्या आवारात गाडी घालू नकोस, मच्छिंद्र तुला ओळखतो आणि तो आईशी खोटं बोलणार नाही. खोटं बोलायचं काम मी एकटीनं घेतलंय, ते मला निभावू दे. काल संध्याकाळी तिनं मला एकच विचारलं, इमानाला मधी कुठं चार्जिंगला थांबावं लागतं का गं? मी म्हटलं, नाही. तर म्हणाली, मंग येताना सरळ घरीच यील.

काही झालं तरी तुझीच,
दिपालीताई